हलक्या हाताची दादा

अलेक्झांड्रिया,
शनिवार, २८ जानेवारी १९८९

वामनमामा,

नमस्कार आणि काम दोन्ही एकाच श्वासात घ्या, कारण युम्ना पाळण्यात जागी आहे आणि माझ्याकडे फार तर पाव तास आहे.

मला दादा हवी आहे. बावीस वर्षं कैरोत काढलेल्या माणसाला, इथे मूल सांभाळणाऱ्या बाईला दादा म्हणतात हे सांगायला नको. पण आईला सांगावं लागलं. मी सांगलीला लिहिलं की चांगली दादा शोधते आहे. तिचं उत्तर आलं, रऊफरावांच्या घरी मुलगा दत्तक घ्यायची चाल आहे का, आणि असली तरी मोठा भाऊ मागाहून कसा आणणार?

माझी रजा फेब्रुवारीअखेर संपते. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जागा एक आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेल्या दोघी. एक मार्चला मी हजर नसले तर जागा गेली. रऊफची बोट सिंगापूरच्या पलीकडे कुठेतरी आहे, जूनशिवाय तो घरी येत नाही. सासूबाई पोर्ट सईदला नणंदेच्या जुळ्यांत अडकल्या आहेत.

एक बाई मिळाली आहे. नाव नबविया. पन्नाशीची, विधवा, इथल्याच करमूझमध्ये बहिणीकडे राहते. खालच्या मजल्यावरच्या फिक्रियाबाईंनी आणली. सवय व्हावी म्हणून आठवडाभर रोज तीन तास येते. परवा समुद्रावरून वादळ आलं, खिडक्या धडधडत होत्या, मीच दचकत होते. आणि युम्ना तिच्या मांडीवर झोपून गेली. मामा, मला ती हवी आहे. म्हणूनच माझ्या मतावर माझा भरवसा नाही.

ती कैरोत मनियलला, तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर, मदाम इस्मत यांच्याकडे चौदा वर्षं होती. त्यांची मुलगी दालिया सात वर्षांची होती तेव्हापासून. मागच्या उन्हाळ्यात काम सुटलं. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "नसीब." पुन्हा विचारलं तर इस्त्री करायला घेते. फिक्रियाबाई म्हणतात, चौदा वर्षांचं काम नुसत्या नशिबाने सुटत नाही, पोरी, माणूस पाठवून विचार.

ते माणूस तुम्ही. मदाम इस्मतांना भेटा. फोनवर नको, फोनवर सगळ्या मोलकरणी देवमाणूस असतात. प्रश्न तीनच. हात उचलते का? खोटं बोलते का? काम का सुटलं? त्या जे सांगतील ते शब्दाला शब्द लिहा. टीका, भाष्य, वार्तिक काही नको.

युम्ना रडायला लागली. तुम्ही तिला यमुना म्हणता ते इथल्या कोणालाही चुकीचं वाटत नाही, ही मोठी सोय आहे.

तुमची,
सुनेत्रा

•

कैरो,
शनिवार, ४ फेब्रुवारी

चि. सुनेत्रा,

आशीर्वाद टपालखात्याच्या स्वाधीन केले आहेत. पोचले तर तुझे, नाहीतर तान्ता स्टेशनवरच्या एखाद्या हमालाचं कल्याण होईल.

तुझे तीन प्रश्न खिशात घालून गुरुवारी संध्याकाळी मदाम इस्मतांकडे गेलो. त्या शिक्षण खात्यात निरीक्षक होत्या असं दरवानाने जिन्यातच सांगितलं, त्यामुळे दारात उभा राहिलो तो नखं पाहून. बाई नेमस्त, केस जागच्या जागी, खोलीत एकही उशी वाकडी नाही. कॉफी कशी घेणार म्हणाल्या, मी 'मज़बूत' म्हणालो. या देशात मज़बूत म्हणजे बेताची गोड, हे शिकायला मला पहिली दोन वर्षं लागली होती आणि त्या दोन वर्षांत मी कडक कॉफीची वाट पाहत बसलो होतो.

नबवियाचं नाव काढताच त्यांनी कप खाली ठेवला.

हात उचलते का? चौदा वर्षांत एकदाही नाही. खोटं बोलते का? मदाम म्हणाल्या, ती मुळात बोलतेच कमी, खोट्याला वाव कुठून मिळणार. इथवर सगळं सरळ. काम का सुटलं, असं विचारल्यावर त्या थांबल्या. आतल्या बंद दाराकडे पाहिलं. मग तिच्या हस्तलाघवाविषयी एकच वाक्य, अगदी हळू आवाजात, बोलल्या आणि डोळ्यांना रुमाल लावला. त्यानंतर, "परमेश्वर तिला झाकून ठेवो," असं म्हणाल्या आणि हिंदुस्थानात थंडी कितपत पडते याची चौकशी केली. मी थंडीचं वर्णन केलं. दुसरं काय करणार?

शब्दाला शब्द मागितला होतास, पण काही शब्द काही नेसवल्याशिवाय घराबाहेर काढू नयेत, म्हणून संस्कृतात नेसवून पाठवतो आहे. हस्तलाघव. धनुर्धराच्या अंगी असलं तर स्तुती, गारुड्याच्या अंगी असलं तर करमणूक. परक्या घरात कपाटांजवळ वावरणाऱ्या बाईच्या अंगी असलं तर काय, हे मी लिहीत नाही आणि तूही मोठ्याने वाचू नकोस. खात्री करायची म्हणून घरी येऊन मोठा अरबी कोश काढला. कोशाने माझीच बाजू घेतली.

आता अनुमान पाहा. झाकण्यासारखं काही असल्याशिवाय झाकण कोण मागतं? चौदा वर्षांच्या नात्यानंतर जी बाई एक वाक्य बोलून रडते, तिला बोलायचं आहे पण एका गरीब विधवेचं नाव खराब करायचं नाही. ही त्यांची सभ्यता झाली. डोंगरावर धूर दिसला की खाली अग्नी असतो, हे मला सोळाव्या वर्षी घोकायला लावलं होतं. पुढच्या चाळीस वर्षांत अपवाद सापडलेला नाही.

निघताना आतलं दार किलकिलं झालं. एकवीस-बावीस वर्षांची उंच मुलगी उभी होती, दालियाच असणार. तिला काही बोलायचं होतं. आईने डोळ्यांनी तिला परत पाठवलं.

माझं मत विचारलेलं नाहीस, तरी देतो. नको. यमुनेची पैंजणं गेली तर जाऊ देत. पण तू रक्ताच्या बाटल्या मोजत असताना घरी काय चाललं असेल, हा विचार दिवसभर डोक्यात बाळगून नोकरी होत नाही.

मामा

•

अलेक्झांड्रिया,
गुरुवार, ९ फेब्रुवारी

मामा,

झालं तुमच्या म्हणण्याप्रमाणे.

मला खरं सांगणं जमलं नाही. म्हणाले, सासूबाई येणार आहेत, आता गरज नाही. नबविया इस्त्री करत होती. तिने हातातला झबल्याचा बंद पुरता दाबला, घडी घातली, मग विचारलं, "कैरोहून पत्र आलं का?" मी नाही म्हणाले. तिनेच सकाळी ते पोस्टमनकडून घेऊन माझ्या हातात दिलं होतं, हे मला नाही म्हटल्यावर आठवलं.

त्यानंतर तिने युम्नाचे कपडे माझ्यासमोर एकेक करून कपाटात लावले, पैंजणं माझ्या हातात दिली, आणि न सांगता आपली पिशवी जेवणाच्या टेबलावर उलटी केली. कंगवा, रुमाल, अर्धी पोळी, बसचं तिकीट आणि एक चपटा पत्र्याचा डबा, तपकिरीचा असतो तसा. तो डबा तिने उघडून दाखवला नाही आणि मी मागितला नाही. सगळं परत भरलं. युम्नाच्या कपाळाला ओठ लावून ती काहीतरी पुटपुटली आणि गेली. आठवड्याचे पैसे घेतले, वरचे देऊ केले ते तसेच टेबलावर ठेवले.

मामा, घरातलं काहीही गेलेलं नाही. मी चमचेसुद्धा मोजले. मोजताना माझीच मला लाज वाटली.

फिक्रियाबाईंनी खोदून विचारलं. मी काहीच सांगितलं नाही. चोर हा शब्द या जिन्यात एकदा सुटला तर करमूझपर्यंत चालत जाईल, आणि त्या बाईला नंतर कुठेच दार उघडणार नाही. त्या नाराज झाल्या, पण एक मार्चपासून युम्नाला स्वतः सांभाळायला तयार झाल्या आहेत. सत्तरी उलटलेली बाई. दुपारी बसल्या जागी झोपतात. शिवाय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोजे सुरू व्हायच्या आधी त्या मुलाकडे कुवेतला जाणार. म्हणजे मला महिनाभराची मुदत मिळाली. तेवढ्यात कोणी मिळालं नाही तर नोकरी सोडायची, हे मी ठरवून टाकलं आहे.

सुनेत्रा

•

कैरो,
बुधवार, १५ फेब्रुवारी

चि. सुनेत्रा,

चमचे मोजलेस यात लाजण्यासारखं काही नाही. मी दर महिन्याला माझी पुस्तकं मोजतो, आणि या घरात माझ्याशिवाय कोणी येत नाही.

एक गोष्ट कळवावी की नाही या विचारात दोन दिवस गेले. सोमवारी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दालिया भेटली. माझ्या पिशवीत तांदूळ भरेपर्यंत ती थांबून राहिली, मग जवळ येऊन विचारलं, "माझी दादा बरी आहे ना? तुमच्या भाचीकडे रमली का?" मी बरी आहे असं सांगितलं. रमण्याचा भाग गाळला. मुलीचे डोळे भरले. म्हणाली, तिला सांगा मी सगळं वेळच्या वेळी करते. काय करते, ते विचारायच्या आत ती निघून गेली.

ज्या घरात चोरी झाली त्या घरची मुलगी चोराची खुशाली विचारते, हे मला नीटसं पचलेलं नाही. पण कोवळ्या वयात माया आंधळी असते, असं समजून मी तांदूळ घेऊन घरी आलो.

दुसरी कोणी मिळाली का, ते लिही. नसेल तर नोकरी सोडण्याचं एवढ्यात ठरवू नकोस. तू घरी बसलीस तर तुझी पत्रं आठवड्याला दोन येतील आणि माझं हस्तलिखितांचं सूचिपत्र याही जन्मी पुरं होणार नाही.

मामा

•

अलेक्झांड्रिया,
सोमवार, ६ मार्च

मामा,

हे पत्र बसूनच वाचा.

एक तारखेला मी हजर झाले. पूर्वी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवत, माणसांशी संबंध नसे. या वेळी रजेवरून आल्याची शिक्षा म्हणून रक्त काढायच्या खिडकीवर बसवलं. पहिले तीन दिवस मी प्रत्येकाला दोनदा टोचत होते. काल एक म्हातारी कोळीण आली, हात असे की शीर शोधायला जाळं टाकावं. मी सुई टोचली, काढली, कापूस लावला. ती दुसरीकडे बघत बसलेलीच. मी म्हणाले, आजी, झालं. तिने कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"ईदिक खफीफा, या बिन्ती." तुझा हात हलका आहे, लेकी.

मामा, मी आधी तिची पिशवी कुठे आहे ते पाहिलं. मला वाटलं हिची पर्स गेली. आणि रांगेतल्या बायका माना डोलवत होत्या, एक तर मला हात लावून दुवा देत होती. शेजारच्या खिडकीवरच्या बाईने समजावलं. सुई टोचलेली कळत नाही अशा माणसाचा हात हलका. याहून मोठी शाबासकी या कामात नाही म्हणे.

दहावीला संस्कृतात तुम्हीच मला पत्रांतून पास केलंत. लघु म्हणजे हलका, लघूचं ते लाघव. मी खिडकी बंद करून मागच्या खोलीत गेले. तिथे सुया उकळून ठेवायचे पत्र्याचे चपटे डबे मांडून ठेवलेले असतात. तपकिरीच्या डब्यासारखे.

मदाम इस्मत अरबीत काय म्हणाल्या होत्या? या वेळी काही नेसवू नका.

सुनेत्रा

•

कैरो,
शनिवार, ११ मार्च

सुनेत्रा,

त्या म्हणाल्या होत्या, "ईदहा खफीफा." तिचा हात हलका आहे.

तुझं पत्र दुपारी आलं. मी वाचलं, पुन्हा कोश काढला. त्यात 'हलक्या हाताचा' याचा अर्थ आजही तोच आहे: खिसेकापू. पण कोश लिहिणाऱ्यांना कोणी सुई टोचलेली नसावी. मलाही नाही. या देशात बावीस वर्षं मी प्रत्येक ताप काढा पिऊन काढला, कारण सुई दिसली की मला घेरी येते. हे घरात कोणाला ठाऊक नाही, तूही आईला लिहू नकोस. ज्या माणसाने आयुष्यात सुईला पाठ दाखवली, त्याच्या कानावर ही शाबासकी पडायची कुठून? मला शब्द पुस्तकात भेटला होता, माणसाच्या तोंडी पहिल्यांदाच भेटला, आणि मी त्याला ओळखलं नाही.

संध्याकाळी मदाम इस्मतांकडे गेलो. माझा चेहरा पाहून त्यांनी स्वतःच विचारलं की नबवियाला काही झालं का. मी सगळं सांगितलं, कोशासकट. त्यांनी सरळच असलेली एक उशी पुन्हा सरळ केली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बोलल्या. दालियाला सातव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे. रोज दोन सुया. आईच्या हाताने मूल किंचाळायचं. नबवियाने टोचली तर खेळणं न थांबवता सुई घ्यायची. चौदा वर्षं. मागच्या उन्हाळ्यात स्थळ आलं. आजार सांगितला तर मोडेल या भीतीने तो लपवला. आणि सासरची माणसं घरात ये-जा करणार, एकवीस वर्षांच्या मुलीला दादा कशाला असं विचारणार, म्हणून दादालाच काढलं. मुलगी स्वतः टोचून घ्यायला शिकली. नबवियाला कोणी गप्प राहा असं सांगितलंही नव्हतं. ती आपणहून गप्प राहिली.

"तुम्ही आलात तेव्हा मला तिच्याबद्दल चांगलं सांगायचं होतं," मदाम म्हणाल्या. "तेवढंच एक वाक्य सुचलं. पुढे बोलले असते तर कोणाला सुया टोचायची, हेही सांगावं लागलं असतं."

आणि झाकून ठेवो म्हणजे काय, तर लाज राखो, दोन घास सुखाचे मिळोत. कोणीही कोणालाही देतं हा आशीर्वाद. मी झाकणाखाली भांडं शोधत बसलो. धूर म्हणून जे पाहिलं ती वाफ होती, सुनेत्रा. हेत्वाभास म्हणतात याला. हा प्रकार मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे.

हे सगळं लिहायला त्यांनी मला मोकळीक दिली आहे, कारण लपवण्यासारखं आता उरलेलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी साखरपुड्याचं जेवण झालं. पाकातल्या बस्बूसाच्या वड्यांचं ताट आलं तेव्हा दालियाने सगळ्यांसमोर सांगितलं, मला साखरेचा आजार आहे, मी खात नाही. होणाऱ्या सासऱ्यांचा तिसरा तुकडा तोंडापाशी थांबला, आणि त्यांच्या बायकोने तो काढून घेतला. म्हणाली, "बघा, पोरीला आहे तेवढी अक्कल तुम्हाला दहा वर्षांत आली नाही." लग्न ठरल्या तारखेलाच आहे.

चूक माझी आहे. तू शब्द मागितला होतास, मी विद्वत्ता पाठवली. नबवियाला शोध. काय सांगायचं ते सांग, माझं नाव घेऊन सांग.

मामा

•

अलेक्झांड्रिया,
रविवार, १९ मार्च

मामा,

शुक्रवारी युम्नाला घेऊन करमूझला गेले. घर शोधावं लागलं नाही. गल्लीत विचारलं तर एका बाईने न विचारता दंडावर बोट ठेवून दिशा दाखवली. दारात चार जण बाकावर बसले होते, एक पोरगं आपली पाळी आली म्हणून रडायच्या तयारीत. ते आत गेलं आणि तयारी वाया गेल्यासारखं तोंड करून बाहेर आलं.

मी आडवळणाने बोलायचं ठरवून गेले होते. तिने युम्नाला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "बसा, युम्नाच्या आई. सासूबाई आल्या का?" मग मला सगळं सांगावं लागलं. पत्र, हस्तलाघव, कोश, चमचेसुद्धा. सांगत असताना ती युम्नाच्या मोज्याचा निघालेला टाका पाहत होती.

मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं ना, आम्हाला काय वाटलं ते?

"पिशवी उगीच उलटी केली नव्हती."

मग दालियाच्या सुयांचं का नाही सांगितलंत? एका वाक्यात काम झालं असतं.

"ते वाक्य माझं नव्हतं," म्हणाली. "दालियाचं होतं."

मी माफी मागितली. तुमच्याही वतीने मागितली. परत या म्हणाले. तिने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. इथे सुया टोचून पोट भरत नाही, गल्लीतले लोक पैशांऐवजी अंडी देतात. एका कापडवाल्याच्या घरून बोलावणं आलं आहे आणि त्यांना एक तारखेलाच हवी आहे. कोणाकडे जायचं ते ती या आठवड्यात ठरवणार. मग म्हणाली, "तुम्ही माझी चौकशी केलीत. चांगलं केलंत, मूल दगडावर ठेवत नाहीत. आता मी तुमची करते."

मी म्हणाले, फिक्रियाबाईंना विचारा. तर म्हणते, शेजारणींना रोज तोंड दाखवायचं असतं, त्या गोडच बोलतात. "तो खाल कुठे राहतो, ज्याने माझ्याबद्दल विचारलं?"

दालियाच्या लग्नाचे कपडे बघायला ती या आठवड्यात कैरोला येते आहे. तुमचा पत्ता दिला. मामा, माझी नोकरी आता तुमच्या जिभेवर आहे. फिक्रियाबाईंचं तिकीट दोन तारखेचं. चांगलं बोला, आणि सोपं बोला.

सुनेत्रा

•

कैरो,
शनिवार, २५ मार्च

चि. सुनेत्रा,

ती गुरुवारी आली. खाल म्हणजे मामा हे तुला माहीत आहे, पण दार उघडल्यावर, "तुम्हीच का ते खाल?" असं तिने ज्या तऱ्हेने विचारलं, त्यावरून ती माझीच खाल सोलायला आली आहे असं मला वाटलं.

मी चहा केला. चार चमचे साखर घेते. मी माफी मागायला सुरुवात केली ती बहुधा फार लांबली, कारण तिने मध्येच विचारलं, "तुम्हाला कधी सुई टोचलेली नाही, होय ना?" मी नाही म्हणालो. तिने माझ्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त पातळ झालंय म्हणाली, आणि खालच्या औषधवाल्याकडून जीवनसत्त्वाची कुपी आणायला मला पिटाळलं. सुनेत्रा, मी छप्पन वर्षांचा आहे. मी गेलो आणि आणली. ती डब्यातली सुई उकळत असताना मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, एक स्तोत्र आठवत. पहिल्या ओळीपुढे काही आठवेना. मनाचा हिय्या करून म्हणालो, टोचा. ती म्हणाली, कप धुऊन ठेवू का, की अजून चहा घेणार?

मदाम इस्मतांचा शब्द झाला होता, माझं अनुमान झालं होतं. प्रत्यक्ष प्रमाण दंडावर कापूस लावून मिळालं.

मग ती परीक्षेला बसली; म्हणजे मला बसवलं. तुमची भाची रागावली की आवाज चढवते की दार आपटते? मी म्हणालो, दार. मूल आजारी पडलं तर पहिला दोष कोणाला देते? म्हणालो, स्वतःला, आणि पुढच्या टपालाने मला. घरात काम करणारी बाई जेवते कुठे? मी सांगितलं की ईदला तुझ्याकडे आलो तेव्हा दरवानाची बायको टेबलाशी बसून जेवत होती आणि तू ओट्याला टेकून, कारण खुर्च्या दोनच आणि दुसरीवर मी. यावर तिने पहिल्यांदा मान हलवली. नवरा कसा, हे विचारलं नाही. बोटीवरचा नवरा म्हणजे वर्षातले सहा महिने चांगलाच, असं तीच म्हणाली.

शेवटी विचारलं, "खोड काय? बिनखोडीच्या माणसाकडे मी काम करत नाही. तिथे सगळ्या खोडी आपल्या निघतात."

आता मदाम इस्मतांनी अर्धं सांगितलं म्हणून केवढा घोटाळा झाला, हे डोळ्यांपुढे होतं. म्हणून पुरतं आणि खरं सांगायचं असं मी ठरवलं. तुझी खोड एकच, आणि तिची किंमत या बाईने मोजलेली. कोणी काही सांगितलं की तू विश्वास ठेवतेस. सांगणारा संस्कृत बोलत असला तर जरा जास्तच. आपल्याकडे याला किती नेमका शब्द आहे. मी तो जसाच्या तसा अरबीत नेला. म्हणालो, "तिचा कान हलका आहे."

तिचा चेहरा उजळला. इतक्या वेळात उजळलेला पहिल्यांदाच पाहिला.

"हलका? देवाची कृपा," म्हणाली. "म्हणजे मूल कुशीवर वळलं तरी जागी होते. मला वाटलंच होतं. आई जड कानाची असली तर दादाने कितीही जीव टाकला तरी त्या घरात मूल वाढत नाही." आणि लगेच उठून डबा पिशवीत टाकला. "कापडवाल्याची बायको सकाळी दहापर्यंत हलत नाही, तिची सासू सांगत होती. तुमच्या भाचीला कळवा, एक तारखेला येते."

मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, अगदी वाक्य जुळवलं होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासह. ती जिन्याशी पोचली होती. मी तिच्यामागे दोन पायऱ्या उतरलो आणि, दंड दुखत नाही हो, एवढंच बोललो.

तेव्हा मी म्हणालो तो अर्थ खरा की ती समजली तो, हे ठरवणं आता माझ्याकडे नाही आणि कोशाकडेही नाही. ती करमूझहून पहाटेची बस पकडून येते आणि बेल वापरत नाही, मूल दचकतं म्हणून. शनिवारी सकाळी साडेसहाला दारावर बोटाने टकटक होईल, अगदी हलकी.

पहिल्या टकटकीला उघड.

मामा